आक्रमण प्रबळ आणि बचाव कमकुवत असेल, तर अमेरिकन कॉलेज फुटबॉलचे विजेतेपद मिळू शकते का?

नॉर्मनकर (प्रश्न)

आमच्या नॉर्मन गावातल्या ओक्लाहोमा विद्यापीठाच्या संघाने २०१७, २०१८ आणि २०१९ अशा सलग तीन हंगामांत कॉलेज फुटबॉल प्लेऑफचा (हंगामानंतरच्या राष्ट्रीय बाद फेरीचा) उपांत्य सामना गाठला आणि तिन्ही वेळा तो तिथेच हरला. आक्रमणाच्या बाजूने पाहिले तर या संघांत काहीच कमी नव्हते. बेकर मेफिल्डने २०१७ चा आणि कायलर मरेने २०१८ चा हाइझमन करंडक (वर्षातील सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान) मिळवला, तर जेलन हर्ट्स २०१९ च्या मतदानात दुसरा आला. पहिल्या वर्षी रोझ बोल या सामन्यात जॉर्जियाविरुद्ध ३१–१४ अशी आघाडी घेतल्यावरही दुसऱ्या अतिरिक्त वेळेत ५४–४८ अशी हार पत्करावी लागली. दुसऱ्या वर्षी अलाबामाने सुरुवातीलाच २८–० अशी मजल मारली. नंतर आपला संघ झुंजला, पण निकाल ४५–३४ असा लागला. तिसऱ्या वर्षी एलएसयूने (लुइझियाना स्टेट विद्यापीठाने) मध्यंतरापर्यंतच ४९ गुण केले आणि सामना ६३–२८ असा संपला.

वर्षभर सामने जिंकायला आक्रमण पुरते, हे या तीन हंगामांनी दाखवले आहे. मला जाणून घ्यायचे आहे ते विजेतेपदाबद्दल: बचाव दुबळा असताना ते मिळाल्याचे एखादे खरे उदाहरण आहे का, आणि नसेल तर बचाव किमान किती चांगला असावा लागतो? यालाच जोडून दुसरी शंका अशी, की घाईघाईने, हडल (प्रत्येक खेळीआधी एकत्र जमून ठरवणे) न करता खेळणारे आक्रमण स्वतःच्याच बचावाला थकवून दुबळे करते असे अनेकजण म्हणतात, त्यात तथ्य किती? कृपया केवळ आवडत्या संघाची बाजू घेऊन लिहू नये. मला हा विषय नीट समजून घ्यायचा आहे.

बॅटनरूजकर

आपल्या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उत्तर, आपल्याला दुखावणारे असले तरी, आपल्या तिसऱ्या पराभवातच आहे. २०१८ चा ओक्लाहोमा आणि २०१९ चा एलएसयू हे दोन संघ शेजारी ठेवून पाहावेत. दोघांचीही सरासरी सामन्यामागे ४८.४ गुण, म्हणजे अगदी दशांशापर्यंत सारखी होती. दोघांच्याही क्वार्टरबॅकने (पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूने) त्या त्या वर्षी हाइझमन करंडक मिळवला. फरक आहे तो समोरच्याला दिलेल्या गुणांत: ओक्लाहोमाने सामन्यामागे ३३.३ गुण दिले आणि एलएसयूने २१.९. एक संघ उपांत्य सामन्यात हरला, दुसरा पंधराही सामने जिंकून विजेता झाला.

मात्र २१.९ हा आकडा थोर बचावाचा नाही, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने हेच मला अधिक महत्त्वाचे वाटते. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये अलाबामाने एलएसयूवर ४१ गुण चढवले. पुढच्याच आठवड्यात ओल मिसने केवळ धावत ४०० हून अधिक यार्ड मिळवले आणि ३७ गुण केले. क्वार्टरबॅक जो बरो आणि त्याचे रिसीव्हर (पास झेलणारे खेळाडू) यांनी ते दोन्ही सामने ४६–४१ आणि ५८–३७ असे जिंकून दिले, पण त्या दिवसांत इथल्या प्रेक्षकांच्या मनात बचावाविषयी खरी चिंता होती. त्यानंतर चित्र पालटले. टेक्सस ए अँड एमला ७ गुणांवर आणि एसईसी या गटाच्या अंतिम सामन्यात जॉर्जियाला १० गुणांवर रोखले गेले. न्यू ऑर्लिन्समधल्या राष्ट्रीय अंतिम सामन्यात क्लेमसन १७–७ असा पुढे होता. तिथून सामना संपेपर्यंत त्याला आणखी एकच टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणे) करता आला आणि एलएसयूने ४२–२५ असा विजय मिळवला.

हे शक्य झाले, कारण खेळाडूंची गुणवत्ता मुळातच हाताशी होती. डेरेक स्टिंगली, त्या वर्षी मागच्या फळीतल्या सर्वोत्तम बचावपटूचा थॉर्प पुरस्कार मिळवणारा ग्रँट डेल्पिट, पॅट्रिक क्वीन आणि क्लेव्हॉन चेसन हे खेळाडू दुबळ्या बचावात सापडत नाहीत, आणि त्यांना शिकवायला डेव्ह अरँडा यांच्यासारखे कोऑर्डिनेटर (बचावाची जबाबदारी असलेले प्रशिक्षक) होते. जखमा भरल्या, ताळमेळ बसला आणि तोच बचाव महिन्याभरात वेगळा दिसू लागला. ओक्लाहोमाने २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये, टेक्ससकडून ४८–४५ असे हरल्यावर लगेच, माइक स्टूप्स यांना कोऑर्डिनेटरपदावरून दूर केले. परंतु हंगामाच्या मध्यावर माणूस बदलल्याने मैदानावरचे अकरा खेळाडू बदलत नाहीत. नोव्हेंबरमध्ये त्याच संघाने ओक्लाहोमा स्टेटला ४८–४७ आणि वेस्ट व्हर्जिनियाला ५९–५६ असे हरवले. असे सामने जिंकता येतात याचा आनंद मी समजू शकतो, पण प्लेऑफमध्ये काय होणार हे त्या आकड्यांतच दिसत होते.

म्हणून माझे मत असे, की बचाव देशात पहिल्या पाचांत नसला तरी चालेल, पण मोठ्या सामन्याच्या दोन-तीन निर्णायक क्षणी समोरच्याला थांबवण्याची क्षमता त्याच्यात असायलाच हवी.

लबककर

टेक्सस टेकच्या गावात राहणाऱ्याने या चर्चेत भाग घेतला नाही तर ते योग्य होणार नाही. २२ ऑक्टोबर २०१६ रोजी इथेच पॅट्रिक माहोम्सने ओक्लाहोमाविरुद्ध ७३४ यार्डांचे पास फेकले. धावून मिळवलेले यार्ड धरले तर एकट्याने ८१९. दोन्ही संघांनी प्रत्येकी बरोबर ८५४ यार्ड मिळवले. टेक्सस टेक तो सामना ६६–५९ असा हरला. त्या हंगामात आमच्या संघाने सामन्यामागे ४३ हून अधिक गुण केले आणि जवळजवळ तितकेच दिले, आणि शेवटी पाच विजय व सात पराभव हाती राहिले. पुढे व्यावसायिक फुटबॉलमध्ये सुपर बोल जिंकणारा क्वार्टरबॅक संघात असताना हे घडले, यावरून बचावाचे मोल समजावे.

आता दुसऱ्या शंकेकडे वळतो, कारण तिच्याबद्दल बराच गैरसमज आहे. क्रिकेटमध्ये एक संघ आपला डाव संपवून मग गोलंदाजीला उतरतो. फुटबॉलमध्ये चेंडूचा ताबा आळीपाळीने येतो, त्यामुळे वेगाने खेळणाऱ्या संघाला जेवढ्या जास्त संधी मिळतात, जवळजवळ तेवढ्याच त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही मिळतात. साहजिकच अशा संघाने सामन्यामागे दिलेले गुण आणि यार्ड फुगून दिसतात. ज्या बचावाला पंधरा ड्राइव्ह (चेंडू हाती असतानाच्या एकेक चढाया) रोखायच्या आहेत आणि ज्याला दहाच रोखायच्या आहेत, त्यांना एका मापाने मोजणे अन्यायाचे आहे. म्हणून सामन्यामागचे गुण न पाहता प्रत्येक ड्राइव्हमागे किती गुण दिले ते पाहावे. या मापाने काही बदनाम बचाव मध्यम ठरतात. टेक्सस टेकचा २०१६ चा बचाव मात्र कोणत्याही मापाने वाईटच होता. त्याच नोव्हेंबरमध्ये आयोवा स्टेटने त्याच्यावर ६६ गुण चढवून सामना ६६–१० असा जिंकला, आणि त्या दिवशी दोष वेगाला देता येत नव्हता.

बचाव दुबळा असला की आक्रमणाच्या चुकांची किंमत वाढते, हा मुद्दा साध्या हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, दोन्ही संघांना बारा-बारा संधी मिळाल्या. आपण सात टचडाउन करून ४९ गुण केले आणि समोरच्याने पाच टचडाउन व दोन फील्ड गोल (लाथेने केलेले तीन-तीन गुणांचे गोल) करून ४१, आपण जिंकलो. आता त्या सातांपैकी एक संधी इंटरसेप्शनमध्ये (आपला पास समोरच्याने झेलण्यात) गेली आणि एकीत फील्ड गोलवर समाधान मानावे लागले, एवढेच घडले असे धरा. आपले गुण ३८ होतात आणि आपण हरतो. बारांत दोन संधी बिघडणे ही कोणत्याही शनिवारी होणारी गोष्ट आहे. तेच समोरच्याला तीन टचडाउन आणि दोन फील्ड गोलांवर, म्हणजे २७ गुणांवर थांबवणारा बचाव असता, तर ३८ गुण सहज पुरले असते. चांगल्या बचावामुळे आक्रमणाला चुकण्याची मुभा मिळते. बारा-तेरा सामन्यांच्या हंगामात ती मुभा नसलेला संघ कुठेतरी अडखळतोच, आणि राष्ट्रीय विजेतेपदाच्या शर्यतीत असे एक-दोन पराभवही पुष्कळदा जड जातात.

वेस्ट व्हर्जिनियाचा २०१२ चा हंगाम याचे लख्ख उदाहरण आहे. सप्टेंबरअखेरीस त्यांनी बेलरला ७०–६३ असे हरवले, जीनो स्मिथने आठ टचडाउन पास फेकले आणि देशभर त्याचे कौतुक झाले. संघ पाच सामने जिंकून अपराजित होता. त्यानंतर तो सलग पाच सामने हरला.

आयोवाकर

उलट बाजूही नोंदवावी, म्हणून थोडक्यात लिहितो. आयोवा विद्यापीठाने २०२३ मध्ये सामन्यामागे अवघे पंधराच्या आसपास गुण करून दहा सामने जिंकले. फिल पार्कर यांचा बचाव आणि पंटरची (चेंडू दूर टोलवणाऱ्या खेळाडूची) लाथ यांच्या बळावर संघ बिग टेन या गटाच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला. तिथे मिशिगनने २६–० असे हरवले. त्याआधी पेन स्टेटने ३१–० आणि त्यानंतर टेनेसीने ३५–० असे हरवले. म्हणजे केवळ बचावावर दहा विजय मिळतात आणि केवळ आक्रमणावर अकरा-बारा मिळतात, असे म्हणता येईल. आक्रमणाला झुकते माप द्यावे लागते, हे मी आयोवाचा पाठीराखा असूनही मान्य करतो.

नॉर्मनकर

सर्वांचे मनापासून आभार. लबककरांचा हिशेब वाचून मला २०१८ चा आर्मीविरुद्धचा सामना आठवला. आर्मीने चौवेचाळीस मिनिटांहून अधिक काळ चेंडू स्वतःकडे ठेवला, चौथ्या डाउनला (दहा यार्ड मिळवण्याच्या चार संधींपैकी शेवटच्या संधीला) पुन्हा पुन्हा धाडस केले आणि कायलर मरेला बाजूला बसवून ठेवले. आम्ही अतिरिक्त वेळेत २८–२१ असे कसेबसे जिंकलो. प्रतिस्पर्ध्याला तीन-चार यार्ड हवे असतील तेव्हा ते मिळू न देणारा बचाव नसेल, तर उत्तम आक्रमण मैदानाबाहेर उभे राहून सामना पाहते, हे त्या दिवशी लख्ख दिसले.

एक गोष्ट मात्र मला अजून उलगडत नाही. आमचे मुख्य प्रशिक्षक लिंकन रायली २०२१ च्या अखेरीस ओक्लाहोमा सोडून यूएससीला (सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात) गेले आणि तिथेही तेच घडले. २०२२ मध्ये केलेब विल्यम्सने हाइझमन मिळवला, पण युटाकडून संघ दोनदा हरला आणि कॉटन बोलमध्ये साडेचार मिनिटे उरली असताना ४५–३० असा पुढे असूनही टुलेनने तो ४६–४५ असा हरवला. पुढच्या वर्षी वॉशिंग्टनने ५२ गुण चढवल्यावर बचावाचे कोऑर्डिनेटर ॲलेक्स ग्रिंच यांना जावे लागले. दोन विद्यापीठांत, वेगवेगळ्या खेळाडूंसह एकच दोष दिसत असेल, तर तो योगायोग कसा म्हणावा? आणि इकडे आम्ही ब्रेंट व्हेनेबल्स यांच्यासारखे बचावाचे जाणकार प्रशिक्षक आणले, तर २०२४ मध्ये बचावाने अलाबामाला ३ गुणांवर रोखून २४–३ असा सामना जिंकून दिला, पण आक्रमण इतके दुबळे होते की हंगाम सहा विजय आणि सात पराभवांवर संपला. दोन्ही बाजू एकाच वेळी बळकट ठेवणे इतके अवघड का असावे?

ह्यूस्टनकर

२०२४ च्या जानेवारीत इथे, ह्यूस्टनमध्ये, मिशिगन आणि वॉशिंग्टन यांचा अंतिम सामना झाला. वॉशिंग्टन अपराजित होता आणि मायकेल पेनिक्सने त्या हंगामात देशात सर्वाधिक पासिंग यार्ड मिळवले होते. मिशिगनने त्याला १३ गुणांवर थांबवले आणि ३४–१३ असा विजय मिळवला. हा अपवाद नाही. २००८ च्या हंगामात ओक्लाहोमाने ७१६ गुण केले होते; अंतिम सामन्यात फ्लोरिडाने त्यांना १४ च करू दिले. २०१० मध्ये सर्वाधिक सरासरी असलेल्या ओरेगनला ऑबर्नविरुद्ध १९ गुणांवर समाधान मानावे लागले. दुबळ्या बचावांविरुद्ध जमवलेली सरासरी शेवटच्या सामन्यात सोबत येत नाही, कारण तिथे समोर उभा असलेला संघ त्या सरासरीत कधी मोजलाच गेलेला नसतो. त्या दिवशी आक्रमण आपल्या नेहमीच्या निम्म्यावर आले, तर बाकीची जबाबदारी कोणी घ्यायची, हा खरा प्रश्न आहे.

ऑबर्नचे नाव आलेच आहे, तर आपल्या पहिल्या प्रश्नाचे सर्वांत जवळचे उदाहरण तेच आहे असे मला वाटते. कॅम न्यूटनच्या त्या संघाने सामन्यामागे २४ हून अधिक गुण दिले, आणि विजेत्या संघाच्या मानाने हा आकडा बराच मोठा आहे. आर्कान्सासविरुद्ध त्यांनी ४३ गुण देऊन ६५ केले. तरीही टस्कलूसामध्ये अलाबामा २४–० असा पुढे असताना सामना फिरला, तो एकट्या न्यूटनमुळे नव्हे. उत्तरार्धात बचावाने अलाबामाला केवळ तीन गुण दिले, म्हणून २८–२७ असा विजय शक्य झाला. अंतिम सामन्यात ओरेगनला गोलरेषेपासून एका यार्डावर चौथ्या डाउनला अडवले, तेही याच बचावाने. त्यात निक फेअरलीसारखा, त्या वर्षी लोम्बार्डी पुरस्कार मिळवणारा टॅकल होता. सरासरी सामान्य आणि आघाडीच्या फळीत एक असामान्य खेळाडू, अशी ती रचना होती. माझ्या समजुतीप्रमाणे विजेतेपदासाठी बचावाची खालची मर्यादा साधारण तिथेच आहे.

बॅटनरूजकरांच्या निष्कर्षाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण ते निर्णायक क्षणांवर जो भर देतात, तो मला थोडा अधिक वाटतो. चेंडू हिसकावून घेणे हे अंशतः कौशल्य आणि अंशतः नशीब असते. यूएससीचा २०२२ चा बचाव टर्नओव्हरच्या (चेंडूचा ताबा मिळवण्या-गमावण्याच्या) जमाखर्चात देशात आघाडीवर होता आणि त्यामुळेच यार्डांच्या हिशेबातला त्याचा दुबळेपणा अनेक महिने झाकला गेला. पुढच्या वर्षी ते दान तसे पडले नाही आणि तेच प्रशिक्षक, तोच क्वार्टरबॅक असताना संघ आठ विजय व पाच पराभवांवर आला. दर डाउनला होणारे यार्ड रोखणे हा बचावाचा टिकाऊ गुण आहे; मोक्याच्या क्षणीचे थांबवणे बहुतेकदा त्यातूनच येते.

नियमांतला एक बदलही लक्षात घ्यावा. २०२२ पर्यंत प्रत्येक फर्स्ट डाउननंतर (दहा यार्ड पूर्ण होऊन नव्या चार संधी मिळाल्यावर) घड्याळ थोडा वेळ थांबत असे. २०२३ पासून ते प्रत्येक अर्धाच्या शेवटच्या दोन मिनिटांतच थांबते. त्यामुळे सामन्यातल्या एकूण खेळी कमी झाल्या. संधी कमी झाल्या की मागे पडलेल्या संघाला भरून काढायला वेळ कमी मिळतो, आणि सुरुवातीला २८–० असे मागे पडून नंतर धडाक्याने परतण्याची कल्पना पूर्वीहूनही दुबळी ठरते.

कोलंबसकर

नॉर्मनकर, आपल्या दुसऱ्या टिपणातल्या प्रश्नाला उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण ओहायो स्टेटने हा सारा प्रवास अलीकडेच केला आहे. २०२१ मध्ये आमच्या संघाची सरासरी देशात सर्वाधिक, ४५.७ गुणांची होती. घरच्या मैदानावर ओरेगनने ३५–२८ असे हरवले आणि नोव्हेंबरमध्ये मिशिगनने जवळजवळ ३०० यार्ड धावून ४२–२७ असा सामना जिंकला. क्वार्टरबॅक सी. जे. स्ट्राउड, रिसीव्हर गॅरेट विल्सन, क्रिस ओलावे आणि जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा हे सगळे एकाच संघात असताना त्या दुपारी ते पुरे पडले नाहीत, कारण मिशिगनचा धावण्याचा खेळ आमच्या बचावाला रोखता येत नव्हता.

त्या हंगामानंतर ओक्लाहोमा स्टेटमधून बचावाचे कोऑर्डिनेटर म्हणून जिम नोल्स यांना आणले गेले. बदल एका वर्षात झाला नाही, हे मुद्दाम सांगावेसे वाटते. २०२२ मध्ये मिशिगनने लांबलांब खेळींवर ४५ गुण केले आणि जॉर्जियाविरुद्धचा उपांत्य सामना ४२–४१ असा हातातून निसटला. फळ तिसऱ्या वर्षी, २०२४ मध्ये दिसले. सामन्यामागे १२.९ गुण, म्हणजे देशात सर्वांत कमी, देणारा बचाव तयार झाला, आणि मिशिगनकडून १३–१० असा पराभव होऊनही संघाने बारा संघांच्या नव्या प्लेऑफमध्ये चार सामने ओळीने जिंकून विजेतेपद मिळवले.

दोन्ही बाजू एकत्र बळकट ठेवणे अवघड का, याची माझ्या मते दोन कारणे आहेत. पहिले कारण खेळाडूंचे. तीनशे पौंड वजनाचा आणि तरीही चपळ असा बचावाच्या आघाडीचा खेळाडू शाळांमधून फार थोडा मिळतो, त्यांतले पुष्कळ आग्नेयेकडच्या राज्यांतून येतात, आणि जॉर्जिया, अलाबामा यांसारखी विद्यापीठे त्यांना घराजवळच थांबवून घेतात. क्वार्टरबॅक आणि रिसीव्हर मात्र टेक्सस व कॅलिफोर्नियात विपुल आहेत. ज्या प्रशिक्षकाची ख्याती आक्रमणाची आहे त्याच्याकडे तेच खेळाडू ओढीने येतात. दुसरे कारण सरावाचे. बचाव रोज आपल्याच आक्रमणाविरुद्ध सराव करतो. ते आक्रमण मैदानभर पसरून पासवर भर देणारे असेल, तर अंगावर येणारा, दाट रचनेतला धावण्याचा खेळ रोखण्याची सवय बचावाला लागत नाही. मग जॉर्जियाचे सोनी मिशेल आणि निक चब समोर आले की काय होते, ते आपण रोझ बोलमध्ये पाहिलेच आहे. रायली यांच्याबाबत मला योगायोगापेक्षा हे दुसरे कारण अधिक पटते. वेग बचावाला थकवतो हे खरे असले, तरी त्याला आठवडाभर कशाची सवय लागते हे मी त्याहून महत्त्वाचे मानतो. म्हणूनच केवळ कोऑर्डिनेटर बदलून भागत नाही. मुख्य प्रशिक्षकाने सरावाचा वेळ, खेळाडूंच्या जागा आणि पैसा बचावाकडे वळवावा लागतो, आणि त्यासाठी आपल्या आक्रमणाची सरासरी पाच-सहा गुणांनी उतरली तरी ती स्वीकारावी लागते. मुख्य प्रशिक्षक रायन डे यांनी २०२४ मध्ये स्वतःकडचे खेळी ठरवण्याचे काम चिप केली यांच्याकडे सोपवले. त्यामागे पूर्ण संघाकडे लक्ष देण्याचा विचार होता असे मला वाटते.

ह्यूस्टनकर आणि बॅटनरूजकर यांच्यातल्या मतभेदावर एकच सामना पुढे ठेवतो. २०२५ च्या जानेवारीत टेक्ससविरुद्धच्या उपांत्य सामन्यात ओहायो स्टेट २१–१४ असा पुढे होता आणि टेक्ससचे आक्रमण आमच्या गोलरेषेपासून एका यार्डावर, पहिल्या डाउनला उभे होते. पुढच्या खेळींत बचावाने त्यांना मागे ढकलले, आणि चौथ्या डाउनला जॅक सॉयरने क्विन युअर्सच्या हातातून चेंडू सोडवून ८३ यार्ड धावत टचडाउन केला. हा निर्णायक क्षण खराच. पण हंगामभर दर डाउनला यार्ड न देण्याची ज्या बचावाला सवय होती, त्याच्याच वाट्याला तो आला.